उत्तम गुरू कोणास म्हणावे?

आषाढी पौर्णिमेस आपण व्यासपूजा करतो. त्या दिवशी मंदिरात नित्यापेक्षा अधिक गर्दी लोटते, गुरुचरणी फुले व श्रीफळे वाहिली जातात आणि गुरूचा महिमा गाणारी स्तोत्रे एका सुरात म्हटली जातात. हे सर्व योग्यच आहे. परंतु गुरूचा महिमा गाणे निराळे आणि गुरू ओळखणे निराळे. ज्यास आपण नमस्कार करतो, तो नमस्कारास पात्र कशामुळे ठरतो, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. विचारलाच तर त्यात अश्रद्धेचा वास येईल, अशी एक भीती मनात दडलेली असते. ही भीती खरी आहे काय, आणि ती बाजूस सारून विचार केल्यास उत्तम शिक्षकाची कोणती लक्षणे हाती लागतात, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम सर्वांस मान्य असलेल्या लक्षणांचा विचार करू. शिक्षक विद्वान असावा, हे कोणीही सांगेल. पण विद्वत्ता असली म्हणजे शिक्षक झाला, असे नव्हे. कालिदासाने ‘मालविकाग्निमित्र’ नाटकाच्या पहिल्याच अंकात या प्रश्नास हात घातला आहे. अग्निमित्र राजाच्या पदरी गणदास व हरदत्त असे दोन नाट्याचार्य आहेत. श्रेष्ठ कोण, यावरून त्यांचा वाद जुंपतो. तेव्हा परिव्राजिका निवाड्याचे तत्त्व असे सांगते की, कोणाची विद्या स्वतःच्या ठायी शोभून दिसते, तर कोणाचे कौशल्य ती विद्या दुसऱ्यात उतरविण्यात असते. या दोन्ही गोष्टी ज्याच्यापाशी असतील त्यासच शिक्षकांच्या अग्रभागी बसवावे. आणि मग परीक्षा कोणाची होते? आचार्यांची नव्हे, तर त्यांच्या शिष्यांची. शिष्याचे नृत्य पाहून गुरूची योग्यता ठरवावयाची. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या या कवीने शिक्षकाचे माप शिक्षकाच्या हाती न ठेवता विद्यार्थ्याच्या हाती दिले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

विद्या दुसऱ्यात उतरविणे म्हणजे काय, याचा उत्कृष्ट दाखला छांदोग्य उपनिषदात सापडतो. श्वेतकेतू बारा वर्षे गुरुगृही राहून, सर्व वेद पढून, मोठ्या ताठ्याने घरी परत येतो. त्याचा पिता उद्दालक त्यास आणखी एखादे प्रवचन ऐकवीत नाही. तो त्यास रात्री पाण्यात मीठ टाकावयास सांगतो आणि सकाळी म्हणतो, ते मीठ आणून दे. मीठ सापडत नाही. मग पिता त्यास तेच पाणी वरून, मधून आणि तळातून चाखावयास लावतो. डोळ्यांस न दिसणारी वस्तू सर्वत्र असू शकते, हे त्या मुलास कोणी नुसते सांगितले नाही. ते त्याच्या जिभेस कळले. पाठ झालेले ज्ञान आणि पटलेले ज्ञान यांतील अंतर एवढेच आहे. आमच्या संथेच्या पद्धतीत गुरूने एकदा म्हणावयाचे आणि शिष्याने दोनदा, असा क्रम असतो. त्या पद्धतीने शब्दांचे व स्वरांचे जे रक्षण झाले, त्यास जगात तोड नाही. तथापि उद्दालकासारखा पिता भेटेपर्यंत श्वेतकेतूचे पाठांतर हा केवळ ताठाच होता, हेही त्याच उपनिषदाने सांगून ठेवले आहे.

आता याहून अवघड लक्षणाकडे वळू. शिक्षकास एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर त्याने काय करावे?

या प्रश्नाचा अनुभव धर्मशिक्षण देणाऱ्या प्रत्येकास येतो. आमच्या मंदिरात सायंकाळी मुलांस रामरक्षा शिकविली जाते. एके दिवशी एका लहान मुलाने माझ्या वडिलांस विचारले, “गुरुजी, आरंभी कीलक म्हणून जे म्हणतात, ते कशासाठी?” वडील कित्येक वर्षे हे स्तोत्र नित्य म्हणत आले आहेत. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “कीलक म्हणजे खुंटी किंवा पाचर, एवढे मला ठाऊक आहे. स्तोत्राला ती कशासाठी मारतात, हे मात्र मला नीट सांगता यावयाचे नाही. जाणत्यास विचारून तुला सांगेन.” बसलेल्या पालकांपैकी एकाच्या मुद्रेवर थोडी नाराजी दिसली. पुजाऱ्यासच ठाऊक नसेल तर मुलांची श्रद्धा कशी टिकावी, असा त्यांचा भाव असावा. मुलांच्या मुद्रेवर मात्र तसे काही दिसले नाही. त्यांस एवढेच कळले की, आपण विचारलेला प्रश्न विचारण्याजोगा होता.

त्या पालकांची शंका क्षुल्लक नाही. शिक्षकाचा अधिकार त्याच्या ज्ञानावर उभा असतो; ज्ञानातील उणीव उघडी पडली की अधिकार ढासळतो, असे सकृद्दर्शनी वाटते. पण आपल्या ऋषींस तसे वाटले नाही. प्रश्नोपनिषदात सहा जिज्ञासू हातात समिधा घेऊन पिप्पलादाकडे येतात. पिप्पलाद त्यांस एक वर्ष श्रद्धेने व संयमाने आश्रमात राहण्यास सांगतो आणि पुढे म्हणतो की, मग हवे ते प्रश्न विचारा. आम्हांस ठाऊक असेल तर सारे सांगू. ‘ठाऊक असेल तर’ या शब्दांत केवढा विनय आहे! त्याच सहांपैकी सुकेशा भारद्वाज आपली हकीकत सांगतो. कोसल देशाचा राजपुत्र त्याच्याकडे षोडशकल पुरुषाविषयी विचारावयास आला होता. सुकेशाने त्यास स्पष्ट सांगितले की, मला हे ठाऊक नाही; ठाऊक असते तर न सांगण्याचे कारण काय? जो असत्य बोलतो तो मुळासकट वाळून जातो. राजपुत्र मुकाट्याने रथात बसून परत गेला. सुकेशाने मात्र तो प्रश्न उराशी बाळगला आणि त्याचे उत्तर शोधीत तो पिप्पलादापर्यंत आला. म्हणजे ज्या प्रश्नास ‘ठाऊक नाही’ असे उत्तर दिले, त्याच प्रश्नाने शिक्षकास पुन्हा विद्यार्थी केले.

उद्दालकाची गोष्ट तर याहूनही पुढची आहे. पंचालांच्या सभेत प्रवाहण जैवलीने श्वेतकेतूस पाच प्रश्न विचारले आणि त्यास एकाचेही उत्तर देता आले नाही. तो रागावून पित्याकडे आला व म्हणाला, मला पुरते शिकविल्यावाचून शिकविले असे का सांगितलेत? पित्याने मुलास दटावले नाही. यांतले मलाही ठाऊक नाही, असे तो म्हणाला आणि स्वतः त्या राजाकडे शिकावयास गेला. ब्राह्मण पिता, क्षत्रिय राजा आणि वृद्धपणी शिष्यत्व! अभिमानास ठेच लागण्याची सर्व कारणे येथे एकत्र आली होती. परंतु उद्दालकास ज्ञान अधिक प्रिय होते. ज्याचे स्वतःचे शिकणे संपले, त्याचे शिकविणेही त्याच दिवशी संपले, असे समजण्यास हरकत नाही.

ही सर्व उदाहरणे प्राचीन झाली. आजच्या सुरतकरास जवळचे वाटेल असे उदाहरण हवे असेल, तर ते याच नगरीत घडलेले आहे आणि त्याचा एक नायक मराठी आहे. सुरत व मराठी माणूस यांचा संबंध निघाला म्हणजे लोकांस १६६४ व १६७० या सालांची आठवण होते. पण त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी एक मराठी तरुण या शहरात तलवारीवाचून आला. त्याच्या हाती पुस्तक होते. दादोबा पांडुरंग तर्खडकर हे त्याचे नाव. १८१४ साली मुंबईत जन्मलेल्या दादोबांनी वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, म्हणजे १८३६ मध्ये, मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्यांस पुढे मराठीचे पाणिनी म्हणू लागले. पण एकदा ग्रंथ छापला म्हणजे कार्य संपले, असे त्यांनी मानले नाही. पुढील आवृत्त्यांतून ते आपलेच लेखन सुधारीत राहिले. १८४० नंतरच्या काही वर्षांत ते सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक होते.

येथे त्यांची गाठ दुर्गाराम मंछाराम मेहता यांच्याशी पडली. दुर्गाराम सुरतेचेच, नागर ब्राह्मण कुळातले, गुजराती शाळेतले शिक्षक. लोक त्यांस ‘दुर्गाराम महेताजी’ म्हणत. हा महेताजी शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. गुजरातीत पेढीवर जमाखर्च लिहिणारा तोही महेताजी आणि शाळेत मुलांस शिकविणारा तोही महेताजी. व्यापारी नगरीने दोघांस एकच नाव दिले. दोघांत भेद काय, हे दुर्गारामांनी आपल्या आयुष्याने दाखविले.

२२ जून १८४४ रोजी या मंडळींनी सुरतेत मानवधर्म सभा स्थापन केली. दुर्गाराम, दादोबा, दलपतराम, दिनमणिशंकर व दामोदरदास अशी पाच प्रमुख नावे. सर्वांच्या नावाचे आद्याक्षर ‘द’ असल्याने लोक त्यांस ‘पाच दद्दा’ म्हणत. दर रविवारी सभा भरे. ईश्वर एक आहे, मनुष्यमात्राची जात एक आहे, माणसाची योग्यता कुळावरून नव्हे तर गुणांवरून ठरवावी आणि कोणतेही कर्म विवेकाने करावे, अशी त्यांची शिकवण होती. भुताखेतांचे भय दाखवून लोकांस नाडणाऱ्या मांत्रिकांस व जादूटोणा करणाऱ्यांस या सभेने उघड आव्हान दिले की, तुमच्या मंत्रात सामर्थ्य असेल तर ते सर्वांसमक्ष सिद्ध करून दाखवा.

पुजाऱ्याच्या घरात जन्मलेल्याने या सभेविषयी आदराने लिहावे, याचे काही वाचकांस आश्चर्य वाटेल. जेथे मंत्रावर उपजीविका चालते, तेथे मंत्रासच पुरावा मागणाऱ्यांचा गौरव कसा? परंतु येथे थोडा विवेक करावयास हवा. मंत्र म्हणजे चित्त ईश्वराकडे लावण्याचे साधन, ही एक समजूत. आणि मंत्र म्हणजे भित्र्या माणसाच्या खिशातून पैसा काढण्याचे साधन, हा एक धंदा. सभेचे आव्हान या धंद्यास होते. समर्थ रामदासांचा ग्रंथ आपल्या घरोघरी वाचला जातो. दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरुलक्षणे सांगताना समर्थांनी आरंभीच करामती दाखविणाऱ्यांस सद्गुरूंच्या पंक्तीतून बाहेर काढले आहे. चेटके, भुरळ, औषधी प्रयोग हे सारे जाणणारे लोक असतात, त्यांस गुरू म्हणतातही. पण मोक्षदाता सद्गुरू तो हा नव्हे, असा समर्थांचा निवाडा आहे. जो शिष्यास साधनास लावीत नाही, इंद्रियदमन शिकवीत नाही, असा गुरू त्यांच्या लेखी कवडीमोल. तेव्हा समर्थांनी जे सांगितले तेच तापीच्या काठी, निराळ्या भाषेत व निराळ्या काळी, पुन्हा सांगितले गेले. धर्माची हानी कोणी केली असेल तर ती प्रश्न विचारणाऱ्या महेताजींनी नव्हे; उत्तर ठाऊक नसता उत्तर विकणाऱ्यांनी केली.

येथे शिक्षकाचे तिसरे लक्षण हाती लागते. उत्तम शिक्षक आपले म्हणणे तपासून पाहण्याची मोकळीक शिष्यास देतो. दुर्गारामांनी व दादोबांनी मुलांस केवळ बेरजा व व्याकरण शिकविले असते, तरी ते चांगले शिक्षक ठरले असते. त्यांनी गावाच्या मनातील भय काढण्याचा यत्न केला, म्हणून ते थोर शिक्षक झाले. भ्यालेल्या मनुष्यास काहीही पढविता येते. शिकविता मात्र काहीच येत नाही. म्हणून भय घालविणे हा शिक्षणाचा पहिला पाठ होय.

परंतु या थोर पुरुषांच्या चरित्रातून जसे गुण घ्यावेत, तसे मर्यादांचेही अवलोकन करावे. १८४६ साली दादोबा मुंबईस गेले, १८५२ साली दुर्गाराम राजकोटास गेले, आणि मानवधर्म सभेचे कार्य थंडावले. पुढे १८४९ मध्ये मुंबईत दादोबांच्या पुढाकाराने परमहंस सभा निघाली. जातिभेद मोडण्याचा तिचा संकल्प होता. पण ती गुप्तपणे चाले. आत बसून जातिबंधन तोडावयाचे आणि बाहेर आल्यावर ते पूर्ववत पाळावयाचे, असा तो मार्ग होता. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली, नावे फुटण्याचे भय पसरले आणि सभा मोडली. त्या काळी जातिबहिष्काराचा अर्थ किती भयंकर होता, हे आज आपणांस कळणे कठीण आहे. म्हणून त्या मंडळींस भित्रे म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. तथापि बोध स्पष्ट आहे. जी शिकवण दाराआड जगावी लागते, ती फार काळ जगत नाही. शिक्षकाचा उच्चार आणि आचार यांत जेवढे अंतर पडते, तेवढीच त्याच्या शब्दांची शक्ती उणी होते.

याच्या उलट सुरतेचेच महीपतराम रूपराम नीलकंठ पाहा. दुर्गारामांचे चरित्र लिहून ठेवले ते यांनीच. समुद्रपर्यटन निषिद्ध असता शिक्षणशास्त्र पाहण्यासाठी १८६० साली ते विलायतेस गेले. परत आल्यावर ज्ञातीने बहिष्कार घातला तो त्यांनी सोसला. आणि पुढे अहमदाबादेत शिक्षक घडविण्याच्या कार्यात त्यांनी आयुष्य वेचले. त्याच काळाच्या मागेपुढे पुण्यात सावित्रीबाई फुले अंगावर शेणमाती झेलीत मुलींच्या शाळेत जात होत्या. या दोघांनी धैर्य या विषयावर व्याख्याने दिली नसती, तरी त्यांच्या विद्यार्थ्यांस तो विषय समजला असता.

आता द्रव्याचा प्रश्न. गणदासाच्याच मुखाने कालिदास म्हणतो की, ज्याची विद्या केवळ पोटासाठी असते, त्यास ज्ञानाचा व्यापारी म्हणावे. सुरतेसारख्या व्यापारी शहरात हे वाक्य जपून वापरले पाहिजे. व्यापार हे पाप नव्हे. सचोटीच्या व्यापाऱ्याने या गावात धर्मशाळा व पाठशाळा बांधल्या आहेत. शिक्षकाने वेतन घेऊ नये, पुजाऱ्याने दक्षिणा घेऊ नये, असेही कोणी म्हणणार नाही. कारण त्यांसही मुलेबाळे आहेत. कवीचा रोख ‘केवळ’ या शब्दावर आहे. माल चांगला की वाईट याची चिंता व्यापाऱ्यास असते. तो माल घेणाऱ्याचे पुढे काय होते, याची चिंता त्यास करावी लागत नाही. शिक्षकास नेमकी तीच करावी लागते. २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागातील तक्षशिला आर्केड या इमारतीत आग लागली आणि वरच्या मजल्यावरील शिकवणीच्या वर्गातील बावीस जीव गेले. इमारतीस नाव तक्षशिलेचे होते! त्या घटनेचे स्मरण झाले की विद्यादानाच्या सर्व गोष्टींआधीची गोष्ट डोळ्यांपुढे येते. शिकावयास आलेले मूल ही कोणाची तरी ठेव आहे. त्याची बुद्धी, त्याचे मन आणि त्याचा प्राण, तिन्ही सांभाळण्याची ज्यास जाणीव नाही, त्याने कितीही उत्तम गुण मिळवून दिले तरी त्यास शिक्षक म्हणता येणार नाही.

या काळजीचे एक सौम्य रूपही असते. ते म्हणजे विद्यार्थ्याच्या भाषेपर्यंत खाली उतरणे. खाली म्हणण्यापेक्षा त्याच्या घरापर्यंत चालत जाणे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या प्राथमिक शाळेतील रणजितसिंह डिसले यांस २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांच्या वर्गातील मुलांची मायबोली कानडी आणि पुस्तके दुसऱ्या भाषेत, हे पाहून ते स्वतः कानडी शिकले. पुरस्काराच्या द्रव्याचा अर्धा भाग त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिला, हेही सर्वश्रुत आहे. पण माझ्या मते त्यांचे खरे दान पहिले. कारण ते कोणी पाहत नसताना केलेले होते. आपल्या सुरतेत महापालिकेच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा अनेक भाषांतून चालतात. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेल्या कष्टकऱ्यांची मुले घरी अहिराणी बोलतात, शाळेत पुस्तकी मराठी वाचतात आणि रस्त्यावर गुजराती ऐकतात. अशा मुलाचा उच्चार चुकला म्हणून हसणारा शिक्षक आणि तो उच्चार कोठून आला हे जाणून घेणारा शिक्षक, यांत त्या मुलाच्या सबंध आयुष्याचे अंतर पडते.

आता आरंभीच्या भीतीकडे वळू. गुरूची परीक्षा करणे ही अश्रद्धा आहे काय? भगवद्गीतेत ज्ञान मिळविण्याचे मार्ग सांगताना भगवंतांनी नमन व सेवा यांच्या मध्ये प्रश्न विचारणे यास स्थान दिले आहे. अर्जुन अखेरपर्यंत शंका विचारीत राहतो. काही शंका तर धिटाईच्या आहेत. पण भगवान एकदाही त्यास गप्प बस असे म्हणत नाहीत. आणि अठराव्या अध्यायात सर्व सांगून झाल्यावर ते म्हणतात की, याचा संपूर्ण विचार कर आणि मग तुला योग्य वाटेल तसे कर. प्रत्यक्ष परमेश्वराने जेथे शिष्याच्या विवेकावर निर्णय सोडला, तेथे आपण मर्त्य शिक्षकांनी, पुजाऱ्यांनी आणि पालकांनी प्रश्नास भ्यावे, हे नवल नव्हे काय? प्रश्नाने जी श्रद्धा मोडते ती मुळात श्रद्धा नसते. ती सवय असते. खरी श्रद्धा प्रश्नाच्या भट्टीतून निघाल्यावर उजळते.

तेव्हा उत्तम शिक्षकाची लक्षणे थोडक्यात अशी. त्याच्या ठायी विद्या असावी आणि ती दुसऱ्यात उतरविण्याची कला असावी. ठाऊक नाही ते ठाऊक नाही, असे म्हणण्याचे धैर्य असावे. शिष्याच्या मनातील भय त्याने काढावे आणि स्वतःच्या शब्दासही कसोटी लावू द्यावी. जे बोलेल ते उघडपणे आचरावे. आणि शिष्य ही ठेव समजून तिचा सांभाळ करावा. या सर्व लक्षणांचा उगम एकाच ठिकाणी आहे. असा शिक्षक शिष्यास स्वतःशी जखडून ठेवीत नाही. एक दिवस याने आपल्यावाचून चालावे, हीच त्याची इच्छा असते. गाडीवान बैलास वाट दाखवितो तो जन्मभर दाखवीतच राहतो. पण आई मुलास चालावयास शिकविते ती बोट सोडण्यासाठीच.

पालकांस एक विनंती करून हा लेख पुरा करतो. मूल शाळेतून किंवा मंदिरातून घरी आले म्हणजे आज काय पाठ झाले, असे आपण त्यास विचारतो. त्याबरोबरच, आज तू काय विचारलेस, हेही त्यास विचारीत जावे. त्या एका प्रश्नाने मूल काय शिकते ते कळेल, आणि त्यास शिकविणारा कसा आहे तेही कळेल.